जागतिक बँकेचं 'अनुदान' नेमकं कुणाच्या खिशातून येतं?

गोदाकाठ:
पोकराच्या गावांत अनुदानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "वर्ल्ड बँकेचा पैसा हाय, घेऊन टाका, सरकारचं काय जातंय." हा गैरसमज मोडावा म्हणून धागा काढतोय.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प म्हणजे पोकरा, शेडनेटसारख्या कामांना शेतकऱ्याला अनुदान देणारा. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते, त्यात मराठवाड्याचे आठही. करारावर सह्या एप्रिल २०१८ मध्ये झाल्या. बँकेचा वाटा ४२ कोटी डॉलर, म्हणजे एकूण खर्चाच्या साधारण ७० टक्के, बाकीचे राज्याचे. करारात या रकमेला 'कर्ज' असा सरळ शब्द आहे. मुदत २४ वर्षं, पहिली ६ वर्षं मुद्दल फेडायची नाही. शेतकऱ्याच्या खात्यात ते 'अनुदान' म्हणून जमा होतं, पण राज्याच्या वहीत ते देणं म्हणूनच राहतं.

विचारायचंय ते असं. हे कर्ज शेवटी कोण आणि कसं फेडतं? त्याच्या अटी कुठं ठरतात? आणि आपल्यासारख्या दुष्काळी भागानं असा पैसा घ्यावा, की राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतून हक्कानं मागावा? माझं मत विचाराल तर घ्यावा, पण करारावर सही होण्याआधी अटी वाचून. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

बालाघाट:
म्हंजे शेडनेटसमोर पाटी बँकेची अन् हप्ता आपला! त्या पाटीवर 'कर्जातून' एवढा एक शब्द वाढवा, निम्मा गैरसमज तिथंच फिटंल.

हिशेबनीस:
पैशाचा रस्ता सांगतो, पहिला प्रश्न त्यातच सुटेल.

राज्याचा विभाग प्राथमिक प्रकल्प अहवाल करतो. तो दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडं जातो. तिथल्या छाननी समितीनं होकार दिला तरच प्रस्ताव बँकेपुढं मांडला जातो. राज्य थेट वॉशिंग्टनशी कर्जाचं बोलू शकत नाही. पुढं बँकेची पथकं येतात, मूल्यमापन होतं, वाटाघाटी होतात, संचालक मंडळ मंजुरी देतं. मग दोन करार होतात. कर्जाचा करार भारत सरकार आणि बँक यांच्यात, प्रकल्पाचा करार राज्य आणि बँक यांच्यात.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते. बँक पैसे आधी हातात ठेवत नाही. राज्यानं अर्थसंकल्पात तरतूद करायची, खर्च करायचा, ठरल्या मुदतीत खर्चाचा अंतरिम अहवाल द्यायचा. दिल्लीतल्या साहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकाच्या कार्यालयातून बँकेकडं दावा जातो आणि मग डॉलर वळते होतात. म्हणून गावात अनुदान थकलं की "बँकेनं पैसे अडवले" असं जे म्हणतात ते बहुतेक वेळा खरं नसतं. अडतं ते राज्याच्या तरतुदीत किंवा निधी वितरणाच्या आदेशात.

शुल्कंही बघा. कर्ज मंजूर झालं की सुरुवातीलाच ०.२५ टक्के कापले जातात. ४२ कोटी डॉलरवर ते साडेदहा लाख डॉलर होतात. शिवाय न उचललेल्या रकमेवर वर्षाला ०.२५ टक्के बांधिलकी शुल्क. प्रकल्प रेंगाळला की काम न होताच पैसे जात राहतात.

फेड अशी: केंद्र बँकेला फेडतं, राज्य केंद्राला फेडतं. २००५ पर्यंत सर्वसाधारण राज्यांना परदेशी कर्ज ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान या रूपात, केंद्राच्या व्याजदरानं मिळायचं. डॉलर वर गेला तर तोटा केंद्र सोसायचं. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर १ एप्रिल २००५ पासून कर्ज जसंच्या तसं राज्याच्या अंगावर येतं. व्याज बँकेचं, मुदत बँकेची, आणि विनिमय दराची जोखीम राज्याची.

उस्मानाबादी:
विनिमय दराची जोखीम जरा सोपी करून सांगता का? स्वस्त कर्ज, स्वस्त कर्ज असंच वाचण्यात येतं.

हिशेबनीस:
आपल्या भागात हे समजायला सोपं आहे. निजामाच्या काळात इथं हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. ७ हाली रुपये द्यावेत तेव्हा ६ कलदार मिळत. सोलापूरच्या पेठेतून कलदारात उधारी घेणाऱ्या माणसाला हाली कमावून कलदार फेडावे लागत. आज राज्य रुपये कमावतं आणि डॉलर फेडतं.

हिशेब मांडा. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. १० कोटी डॉलर उचलले तर ६५० कोटी रुपये हातात आले. २०२४ अखेर दर ८५ ला पोचला. त्याच १० कोटी डॉलरचं मुद्दल आता ८५० कोटींचं झालं, व्याज वेगळंच. अर्थात रक्कम टप्प्याटप्प्यानं उचलली जाते आणि टप्प्याटप्प्यानंच फेडली जाते, त्यामुळं सगळा फरक एकदम बसत नाही. पण रुपयाची ही घसरण वर्षाला सरासरी चार टक्क्यांच्या जवळ जाते.

त्यात व्याज मिळवा. हे व्याज बाजारातल्या सोफर नावाच्या दराला बांधलेलं असतं आणि वर बँकेची मात्रा, म्हणजे तिनं त्या दरावर चढवलेली टक्केवारी. २०२१ मध्ये सोफर शून्याच्या जवळ होता, २०२३ मध्ये पाच टक्क्यांच्या वर गेला. पाचावर एक-दीड टक्का मात्रा आणि त्यावर रुपयाची घसरण धरली तर राज्य सरकार स्वतःचे रोखे विकून बाजारातून जे पैसे उचलतं त्याहून हे महाग पडू शकतं. म्हणून 'स्वस्त' हा शब्द कोणत्या वर्षाबद्दल बोलतोय ते पाहूनच वापरावा. खरा फायदा लांब मुदतीचा आहे. राज्याचे बरेचसे रोखे दहा वर्षांचे असतात, इथं चोवीस वर्षं मिळतात.

परभणीकर:
डॉलर चढला की कर्ज चढतं हे कळलं. त्याच्याबरोबर सोयाबीनचा भाव पण चढावा अशी अट कुणी घालतं का बघा राव.

काळी_माती:
हिशेबनीस यांनी वरचा रस्ता सांगितला, मी खालचा सांगतो. गावात पैसा जिथं अडतो ती जागा वेगळीच आहे.

पोकरात वैयक्तिक लाभाचा क्रम असा: पोर्टलवर आधार, सातबारा, आठ-अ घेऊन नोंदणी, घटकासाठी अर्ज, ग्राम कृषी संजीवनी समितीची मान्यता, स्थळपाहणी, पूर्वसंमती, मग खरेदी, बिलं अपलोड, मोका तपासणी आणि जागेवरचा फोटो, शेवटी आधार जोडलेल्या खात्यात रक्कम. शेडनेटसारख्या बऱ्याच घटकांना २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ७५ टक्के, २ ते ५ हेक्टरवाल्याला ६५ टक्के असा दर होता.

अर्ज फेटाळले जातात त्याची कारणं ठरलेली आहेत. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल. कच्चं बिल. सातबारा सामाईक आणि बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र नाही. आधार भलत्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं, त्यामुळं पैसे जुन्या बंद पडलेल्या खात्यात जाऊन परत. हे सगळं अर्ज करण्याआधी एका दिवसात तपासून होतं.

पण मूळ अडचण कागदाची नाही. आधी स्वतः खर्च करायचा आणि मग परतफेड मिळणार, या रचनेत ज्याच्याकडं भांडवल नाही तो पहिल्याच पायरीवर थांबतो. शेडनेटचा खर्च लाखांत जातो. पीककर्ज थकलेल्या माणसाला बँक मधल्या काळासाठी पैसे देत नाही. मग साहित्य विकणाराच उधारीवर उभारून देतो आणि त्याचा मोबदला बिलात धरतो. बाईच्या नावावर सातबारा नसेल तर ती यादीतच येत नाही, मग राबणारी तीच असली तरी. कर्ज फेडायचं सगळ्या राज्यानं आणि लाभ घेता येणार ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्याला. माझी खरी तक्रार ही आहे. जागतिक बँकेपेक्षा राज्यानं केलेल्या रचनेवर आहे.

एक चांगलं पण सांगतो. अतिशोषित, म्हणजे भूजल प्रमाणाबाहेर उपसलेल्या, पाणलोटात नव्या विहिरीला पैसे न देणं आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद आधी मांडणं ही शिस्त या प्रकल्पानं आणली. ताळेबंदाचं गणित आयआयटी मुंबईनं बसवून दिलं. काळ्या पाषाणात पाणी किती साठतं हे कागदावर आल्याशिवाय शेततळं कुठं, बांध कुठं हे ठरत नाही.

दुधना:
ही अट बँकेची की राज्याची? कारण आमच्याकडं लोक चिडतात ते ह्याच्यावरच. विहीर मागितली की "तुमचा पाणलोट बसत नाही".

काळी_माती:
@दुधना, भूजल आणखी खाली जाईल अशा कामाला कर्जाचा पैसा जाऊ नये हे बँकेच्या पर्यावरणविषयक नियमांत बसतं, आणि पाणलोटाची वर्गवारी आपल्याच भूजल सर्वेक्षण यंत्रणेची असते. दोन्ही हात आहेत. कीटकनाशकांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १-अ आणि १-ब वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात जहाल औषधांना बँकेचा पैसा चालत नाही. मोनोक्रोटोफॉस १-ब मध्ये येतं. कापसाच्या पट्ट्यात ही अट माणसाच्या जिवाशी निगडित आहे.

निर्भय_नांदेड:
अटींचं एवढं कौतुक नको. इतिहास आठवा. १९६५-६६ चा दुष्काळ, अमेरिकेचा पीएल-४८० चा (सवलतीनं धान्य देण्याच्या कायद्याखालचा) गहू आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी एकेका जहाजापुरती ताणून धरलेली दोरी. व्हिएतनामवर भारतानं टीका केली की गहू लांबायचा. त्याच वेळी जागतिक बँकेच्या बेल मिशननं अवमूल्यनाची शिफारस केली होती. ६ जून १९६६ ला रुपया डॉलरमागं ४.७६ वरून ७.५० झाला. बदल्यात जेवढ्या मदतीची आशा दाखवली होती तेवढी काही आली नाही.

१९९८ घ्या. मे महिन्यात पोखरणचे स्फोट झाले आणि अमेरिकेसह जी-७ देशांनी भारताची बँकेतली कर्जं लांबवली. माणसाच्या मूलभूत गरजांची कामं तेवढी चालू राहिली, वीज-रस्त्यांची अडली. बँक राजकारण करत नाही असं तिच्या घटनेत लिहिलंय. मतं कुणाकडं आहेत ते बघा म्हणजे कळेल.

अंबाजोगाई_९:
मतांचंच लिहिते, कारण याबद्दल नुसतं ढोबळ बोललं जातं.

जागतिक बँकेत एक देश एक मत नसतं, भागभांडवलाच्या प्रमाणात मतं असतात. कर्ज देणाऱ्या मुख्य शाखेत अमेरिकेकडं साधारण १६ टक्के, भारताकडं ३ टक्क्यांच्या आसपास. एखादं कर्ज साध्या बहुमतानं मंजूर होतं, तिथं अमेरिका एकटी अडवू शकत नाही. तिला सोबती लागतात. पण बँकेची घटना बदलायला ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे तिथं एकट्या अमेरिकेचा नकार पुरतो. संचालक २५ आहेत. भारताची खुर्ची बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेसोबत सामाईक आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेपासून आजवर अध्यक्ष अमेरिकेचाच नागरिक झालाय. अजय बंगा जन्मानं पुण्याचे असले तरी २०२३ मध्ये त्या खुर्चीवर गेले ते अमेरिकी नागरिक म्हणूनच.

आशियाई विकास बँक १९६६ ची, मुख्यालय मनिला. तिथं जपान आणि अमेरिका बरोबरीचे, प्रत्येकी साधारण साडेपंधरा टक्के भाग, आणि अध्यक्ष कायम जपानी. २००९ मध्ये याच बँकेत भारताचा आराखडा चीननं अडवला होता, कारण त्यात अरुणाचल प्रदेशातलं एक काम होतं. तेव्हा निर्भय यांचा मुद्दा बरोबर आहे, फक्त अडवणारा हात दर वेळी अमेरिकेचाच असतो असं नाही.

परभणीकर:
मग ते ब्रिक्सवाल्यांची बँक निघाली होती ती? तिथं तर सगळे सारखे म्हणतेत.

अंबाजोगाई_९:
हो, न्यू डेव्हलपमेंट बँक, मुख्यालय शांघाय, पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत. पाच संस्थापकांचे भाग सारखे, नकाराधिकार कुणालाच नाही. दुसरी एआयआयबी, म्हणजे आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक, बीजिंगची, जानेवारी २०१६ ला सुरू झाली. तिच्यात चीननंतर सगळ्यात मोठा भाग भारताचा. पण मोठ्या निर्णयाला ७५ टक्के मतं लागतात आणि चीनकडं २६ टक्क्यांच्या वर आहेत. वॉशिंग्टनची चावी तशीच बीजिंगमध्ये करून ठेवलीय.

संपादक मंडळ:
चर्चा छान चालू आहे. फक्त 'कोणता देश वाईट' याकडं गाडी वळू नये. मराठवाड्याच्या संदर्भात लिहावं ही विनंती.

जलसाक्षर:
मग मराठवाड्याचंच लिहितो. बँकेच्या अटीतून आलेली एक गोष्ट आज आपलं सगळ्यात धारदार हत्यार आहे, आणि फार थोड्यांना तिचं मूळ माहीत आहे.

२००५ मध्ये महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्पासाठी जागतिक बँकेचं ३२.५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्याच सुधारणांच्या गाठोड्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, २००५ चाच. त्यातलं कलम १२(६)(सी) सांगतं की टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतलं पाणी ऑक्टोबरअखेर असं नियंत्रित करा की टक्केवारी सगळीकडं साधारण सारखी राहील. म्हणजे नाशिक-नगरची धरणं भरलेली आणि जायकवाडी कोरडं, हे कायद्यानं चालत नाही.

याच कलमाच्या आधारे मेंढेगिरी समितीचं सूत्र आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. प्राधिकरणाचा आदेश १९ सप्टेंबर २०१४ चा. तो उच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये टिकला. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ७६.६५ टीएमसी, त्यावर २०८ किलोमीटरचा डावा आणि १३२ किलोमीटरचा उजवा कालवा जगतो. हे कलम नसतं तर आपल्याकडं फक्त मोर्चे उरले असते.

अंमलात काय बिघडतं तेही सांगायला हवं. पाणी नदीच्या पात्रातून येतं. सोडण्याआधी वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पाणी तिथंच अडतं. काठावरचे पंप चालू राहिले तर उपसा होतो, म्हणून वीज बंद ठेवावी लागते. आणि उशीर झाला की पात्र वाळतं, मग पैठणला पोचण्याआधी जमीनच जास्त पाणी पिते. ऑक्टोबर उलटला की दर आठवडा महाग पडतो.

निर्भय_नांदेड:
@जलसाक्षर, याच कायद्यात पाण्याचे हक्क विकण्याची सोय आहे, पाणीपट्टीनं देखभाल-दुरुस्तीचा खर्च निघाला पाहिजे हे तत्त्व आहे, ते का सांगत नाही? पाण्याला बाजारातली वस्तू करण्याचा रस्ता तिथूनच सुरू झाला. आणि दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या शेतकऱ्याला दीडपट पाणीपट्टी!

जलसाक्षर:
सांगायलाच हवं होतं, मान्य. हक्काच्या खरेदी-विक्रीबद्दलची तुमची भीती खरी आहे, आणि मीही तिच्या विरोधात आहे. पण दोन गोष्टी. दोन मुलांचं पोटकलम आपल्याच विधिमंडळानं घातलं, ते राज्याच्या लोकसंख्या धोरणाशी जुळणारं आहे. प्रत्येक जाचक ओळ वॉशिंग्टनहून येत नाही. दुसरं, २०११ च्या दुरुस्तीनं शेती, उद्योग, पिणं यांच्यात पाणी वाटण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडं गेला. कर्ज उचलताना स्वतंत्र प्राधिकरण दाखवायचं आणि नंतर त्याचे दात काढायचे, हे राजकारण मुंबईचं आहे. माझं म्हणणं एवढंच: अटींत आपल्या कामाचं काय आणि घातक काय हे निवडायला आपण त्या वेळी जागेवर नव्हतो. समन्यायी वाटपाचं कलम नीट राबवून घ्यायलाच आपल्याला नऊ वर्षं लागली.

तेरणाकाठ:
किल्लारीशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. ६.२ तीव्रतेचा भूकंप. माणसं एवढी का गेली? दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या, आरपार जाणारे दगड नाहीत, कोपरे एकमेकांत गुंफलेले नाहीत, आणि वर माळवद. दरसाल लिंपून लिंपून वाढलेला मातीचा थर. भिंत फुगली आणि सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

पुनर्वसनासाठी जागतिक बँकेच्या सवलतीच्या शाखेनं, म्हणजे आयडीएनं, २४.६ कोटी डॉलर दिले. १९९४ च्या त्या कर्जावर व्याज नव्हतं, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क, मुदत ३५ वर्षं. म्हणजे ते आणखी काही वर्षं, २०२९ च्या आसपासपर्यंत, फिटतच राहणार. हिशेबनीस यांनी वर लिहिलेला नियम इथं लावून बघा. त्या काळी परदेशी मदत राज्याला केंद्राच्या अटींवर मिळायची, त्यामुळं पाऊण टक्क्याची सवलत खालपर्यंत आली नाही.

काम दोन प्रकारे झालं आणि त्यातला फरक आजही शिकण्यासारखा आहे. ५२ गावं पूर्ण हलवली. तिथं ठेकेदारांनी घरं बांधली: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, घरं लांब लांब, शिवार दूर. वाडा, ओसरी, बळद, जनावरांचा गोठा यांना त्या नकाशात जागा नव्हती. दुसरीकडं ज्या गावांत घरं पडझड झाली पण गाव जागेवर राहिलं, तिथं लाखावर घरमालकांना हप्त्यानं पैसे दिले आणि बांधकाम त्यांनीच केलं. पाया, मग लिंटलची पट्टी, मग छत, असं टप्पा तपासून पुढचा हप्ता. गावोगाव संवाद सहायक नेमल्या, त्या बहुतेक बायकाच होत्या. जिथं घरमालकाच्या हातात निर्णय होता तिथली घरं माणसांनी आपलीशी केली. आजच्या घरकुल योजनांतले हप्ते याच पद्धतीचे आहेत.

उस्मानाबादी:
हे वाचून थांबावंसं वाटलं. 'लिंटलची पट्टी' म्हणजे खिडकी-दाराच्या वरून सगळ्या भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा ना?

तेरणाकाठ:
हो. तो घराला कमरपट्ट्यासारखा बांधून धरतो. भिंती वेगवेगळ्या दिशेला हलत नाहीत. जुन्या घरांना उतारा म्हणून माळवदावरची माती कमी करणं आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे अडसर घालणं हेही सुचवलं होतं. लोकांनी ते फारसं केलं नाही. दगडी घराची भीतीच बसली होती.

बालाघाट:
पाणीपुरवठ्याचं कुणी लिवलं नाही. जलस्वराज्य?

मांजरापट्टा:
लिहिते. २००३ चा जलस्वराज्य प्रकल्प, जागतिक बँकेचे १८.१ कोटी डॉलर. शर्त अशी की मागणी गावानं करायची, भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी भरायची (आदिवासी गावांना ५), आणि देखभालीचा सगळा खर्च पाणीपट्टीतून. आधी महिलांची वेगळी ग्रामसभा, मग ग्राम पाणीपुरवठा समिती, तिच्या खात्यात थेट पैसे. औरंगाबाद, नगर आणि पुणे हे जिल्हे यात नव्हते. तिथं जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीनं 'आपलं पाणी' चाललं.

योजना बंद का पडल्या? टाकी, नळ सगळं जागेवर असतं, उद्भव आटतो. विहीर काळ्या पाषाणात, वर पुनर्भरण नाही, आणि शेजारच्याच शिवारात उसाला चार बोअर. दुसरं कारण वीजबिल. पाणीपट्टी उन्हाळ्यात वसूल करायला निघतात, जेव्हा नळाला पाणीच नसतं. सुगी झाल्यावर वर्षाची एकदम घ्यावी. दुसऱ्या जलस्वराज्यात (२०१४, १६.५ कोटी डॉलर) बँकेनं पद्धत बदलली: बिलं बघून नव्हे, ठरलेले निकाल तपासून पैसे. हे मला जास्त पटतं.

परभणीकर:
जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतेत, पण जर्मनीचा पैसा आला तो औरंगाबादला. नोंद घ्यावी.

निर्भय_नांदेड:
मूळ तिसऱ्या प्रश्नावर येतो. कर्जाशिवायही मोठं काम झालंय आणि ते इथल्याच दुष्काळातून. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली. १९७५ च्या कायद्यानं व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदारांनी भरला आणि राज्यानं बरोबरीची रक्कम घातली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कुणा बँकेचं पथक नाही, डॉलरची भीती नाही. पुढं देशानं तीच कल्पना उचलली.

हिशेबनीस:
@निर्भय, हे उदाहरण मनापासून मान्य. त्यातला धडा असा की पैशाचा स्रोत कायद्यानं बांधलेला होता. राज्याच्या तिजोरीतून 'हक्कानं मागू' म्हणताना ही बांधणी लागते, नाहीतर तरतूद दर मार्चला कापली जाते. परदेशी कर्जाच्या प्रकल्पाची तरतूद कापायला मंत्रालय दोनदा विचार करतं, कारण बांधिलकी शुल्क चालू असतं आणि करार दिल्लीच्या सहीचा असतो. हा त्याचा न सांगितलेला फायदा आहे.

दुधना:
तक्रार करायची तर कुठं? समजा प्रकल्पाच्या कामानं गावाचं नुकसान झालं.

अंबाजोगाई_९:
पहिलं प्रकल्पाच्याच तक्रार निवारण यंत्रणेकडं, लेखी, पोच घेऊन. मग बँकेच्या तक्रार सेवेकडं. त्यानंही भागलं नाही तर इन्स्पेक्शन पॅनल, म्हणजे बँकेचं स्वतंत्र तपासणी मंडळ. तिथं किमान दोन बाधित माणसं लागतात, बँकेनं स्वतःचे नियम मोडल्यामुळं नुकसान झालं किंवा होणार आहे हे सांगावं लागतं, आणि आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना कळवल्याचा पुरावा. मराठीत लिहिलं तरी चालतं, नावं गुप्त ठेवता येतात. कर्ज बंद झाल्यावर १५ महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. टेंडरमधल्या भ्रष्टाचाराची तक्रार पॅनलकडं पाठवू नका, त्यासाठी बँकेचा वेगळा विभाग आहे; चुकीच्या दारावर अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

हे पॅनल आपल्याच लोकांच्या लढ्यातून आलंय हे आवर्जून सांगते. सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज झालं होतं. नर्मदेकाठच्या आदिवासींनी, त्यात आपल्या अक्राणी-अक्कलकुव्यातली गावंही होती, इतका नेट लावला की बँकेला प्रकल्पाच्या स्वतंत्र फेरतपासणीसाठी मोर्स समिती नेमावी लागली. मार्च १९९३ च्या अखेरीस भारतानं उरलेलं कर्ज सोडलं. पॅनलचा ठराव झाला २२ सप्टेंबर १९९३ ला. किल्लारीच्या आठ दिवस आधी.

गोदाकाठ:
बऱ्याच गोष्टी नव्यानं कळल्या. मी सुरुवातीला 'अटी वाचून घ्या' म्हटलं, पण जलसाक्षर आणि काळी_माती यांचं वाचून वाटतं की वाचण्याची वेळ महत्त्वाची. मंजुरीनंतर वाचून उपयोग थोडा. वाटाघाटींच्या आधी, पर्यावरण आणि सामाजिक आराखड्यावर सल्लामसलत होते तेव्हा ग्रामसभांचे ठराव गेले पाहिजेत. पुढच्या टप्प्यासाठी एकच मागणी करायची तर मी काळी_माती यांची उचलीन: अल्पभूधारकाला आणि सातबारा नसलेल्या बाईला आधी खर्च करायला लावू नका, पूर्वसंमतीबरोबरच विक्रेत्याला थेट हप्ता देण्याची सोय करा.

काळी_माती:
थेट विक्रेत्याला दिलं तर शेतकऱ्याच्या हातातली निवड जाते, जुन्या ठेकेदारीचा रस्ता परत उघडतो. त्यापेक्षा किल्लारीसारखे टप्पे करा: सांगाडा उभा राहिला की एक हप्ता, जाळी चढली की दुसरा. पैसा शेतकऱ्याच्याच खात्यात.

गोदाकाठ:
हे जास्त बरोबर आहे. ठरावात असंच लिहू.

बालाघाट:
ही कागदपत्रं मिळतात कुठं? ग्रामसेवकाकडं तर नसतेत.

हिशेबनीस:
बँकेच्या संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाकायचा. पोकराच्या पहिल्या टप्प्याचा पी१६०४०८. मूल्यमापन दस्तऐवज सगळ्यात जाड, त्यात घटकवार खर्च आणि जोखमीचा तक्ता बघा. कर्जाच्या करारात परिशिष्टं आधी वाचा, फेडीचं वेळापत्रक तिथं असतं. दर काही महिन्यांनी येणारा अंमलबजावणीचा अहवाल फक्त काही पानांचा असतो, त्यात किती रक्कम उचलली ते कळतं. सगळं इंग्रजीत आहे. पर्यावरण-सामाजिक आराखड्याचा सारांश मराठीत मागता येतो, प्रकल्प कार्यालयाकडं लेखी मागा.

मांजरापट्टा:
फेडीचं वेळापत्रक आणि घटकवार खर्च या दोन तक्त्यांचं मराठी मी करते. रविवारपर्यंत इथं टाकीन. आकडे हिशेबनीस यांनी तपासून द्यावेत.